गोचिडी कुणाच्या

"म्हशे, काही लोकांनी बाजारातनं गाय आणली का रोग आणला, आं? तूच सांग."

भिंतीपलीकडून आप्पासोचा आवाज आला, तसा आकारामनं गाईच्या कानामागची गोचीड ओढली आणि दोन नखांत धरून कटकन फोडली. अंगठ्यावर रक्त आलं. ते त्यानं धोतराला पुसलं आणि गाईकडं तोंड करून म्हणाला, "तांबडे, काही लोकांची म्हस जलमल्यापासनं खरजुली हाय आन् नाव आपलं घेत्यात. तू काय मनाला लावून घिऊ नगंस."

तांबडीनं मनाला लावून घेतलं नाही. ती कडबा खात राहिली.

खैरवाडी जत तालुक्याच्या पार टोकाला. ओढा ओलांडला की पाट्या कानडीत सुरू होतात. हस्ताचा पाऊस पडला तर शाळू, नाही पडला तर टँकर, एवढंच तिथलं पंचांग. त्या गावात हे दोघं सख्खे भाऊ. आकाराम थोरला, साठी ओलांडलेला, उभा जन्म काळ्या रानात गेलेला. आप्पासो धाकटा, फौजेत हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला. बापाचा एकच लांबलचक गोठा होता. वाटणीत मध्ये दगड-मातीची भिंत घातली आणि अलीकडं आकारामची गाय, पलीकडं आप्पासोची म्हैस, असं झालं. भिंतीवर दोघांचा हक्क सारखा, म्हणून तिची डागडुजी कुणीच करत नव्हतं. माती गळून बोटबोटभर फटी पडल्या होत्या. त्यातून दोन्हीकडचं सगळं ऐकू जायचं.

दोन वर्षं झाली, भाऊ भावाशी बोलत नव्हता. जे बोलायचं ते जनावराशी बोलायचं. मात्र मोठ्यानं.

झालं होतं असं. दोन वर्षांमागं आकारामनं परगावच्या बाजारातनं ही तांबडी आणली. महिना-दीड महिना गेला आणि आप्पासोच्या म्हशीला गोचिडी झाल्या. म्हशीखाली चार महिन्यांची रेडी होती, ती रक्त आटून मेली. आप्पासो चावडीपुढं उभा राहून म्हणाला, "ह्येच्या गाईनं माझी रेडी खाल्ली." आकाराम म्हणाला, "माझ्या गाईला एक गोचीड न्हवती." पंचांनी विचारलं, आण घेतोस का? आकारामनं बिरोबाची आण घेतली. झालं, निकाल लागला.

आता खरं सांगायचं तर गोचिडी होत्या. गाय घरी आणली त्याच दिवशी आकारामनं बघितल्या होत्या. आचळामागं आणि शेपटीखाली ज्वारीच्या दाण्यांगत घोसच्या घोस लागले होते. हे त्याच्या बायकोला, बाळाबाईला, ठाऊक होतं. आणि बिरोबाला. बिरोबा काही बोलला नाही. बाळाबाईही बोलली नाही, पण आकाराम 'खरं सांगतो' असं म्हणाला की तिला खोकला यायचा.

नवरात्राच्या आधीच्या शनिवारी आप्पासोची पोरगी राजेश्वरी सांगलीहून आली. ती तिथं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आली ती पहिल्यांदा आकारामच्याच दारात, काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन.

"तात्या, हे फारम भरायचं हायत. कालेजचा प्रकल्प हाय. अकरा प्रश्न. खरं खरं सांगायचं."

"मी खरंच सांगतो," आकाराम म्हणाला. चुलीपाशी बाळाबाई खोकली.

"बरं. प्रश्न पयला. गोचिडीमुळं माणसाला कंचा विषाणूचा ताप येतो? अ, डेंगी. ब, क्रिमियन काँगो. क, कावीळ. ड, माहीत नाही."

"मदलं काय म्हणालीस?"

"क्रिमियन काँगो."

"कुटली म्हणायची ही?"

"लांबचं मुलूख हायत, तात्या. तितं पयल्यांदा सापडला म्हणून त्ये नाव."

"मग आपल्या गावाचं नाव न्हाई न्हवं त्येच्यात? ड लिव्ह."

राजेश्वरीनं ड लिहिलं. "आपल्याकडं न्हाई सापडला, पर गुजरातेत सापडलाय. माणसं दगावल्यात. गोचीड काय हद्द बगून चालती व्हय?"

आकारामला हे बोलणं आवडलं नाही. पोरगी भिंतीविषयी बोलतीय का काय, असं त्याला वाटलं.

"प्रश्न सातवा. जनावरावर न्हाईतर अंगावर गोचीड दिसली तर काय करता?"

आकारामनं अंगठा पुढं केला. नखाच्या कडेनं वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ होती. बाजूला कातडीला चीर होती. राजेश्वरीनं अंगठा धरला, निरखून बघितला आणि सोडला.

"म्याबी पयल्यांदा त्येच लिव्हलं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"नखानं फोडीन म्हणून. आवं, आमच्या सरांनी आदी आमच्याच पोरांची परीक्षा घेतली. कालेजात शिकणाऱ्या पोरांना ह्या तापाची किती माहिती हाय, त्ये बघायचं हुतं. दोनशे बारा पोरं. त्यातल्या एकशेचाळीस जणांनी लिव्हलं, चिरडू. एकतीस जणांनी लिव्हलं, काडी लावून जाळू. नऊ जणांनी लिव्हलं, आईला सांगू."

"त्ये नऊ हुशार."

"मग सरांनी इचारलं, घरात जनावरं कुणाची हायत? साऱ्या वर्गात म्या एकलीनं हात वर केला. मला गटाची प्रमुख केलं. हात वर केला नसता तर सुटले असते."

मग तिनं सांगायला सुरुवात केली. गोचीड फोडायची नाही, तिच्या रक्तात जंतू असतो, नखाशेजारी चीर असली की तो आत शिरतो. हातमोजे घालायचे. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. झाकणाच्या डब्यात रॉकेल घेऊन त्यात टाकायची. मग साबणानं हात धुवायचे. "आन् ताप आला, तर डाक्टरला पयलं सांगायचं, घरात जनावरं हायत, गोचिडी हायत. डाक्टर इचारत न्हाईत. आपुन सांगायचं. लोक नेमकं त्येच सांगत न्हाईत."

"का गं?"

"लाज वाटती."

आकारामनं धोतराचा सोगा नीट केला.

मग राजेश्वरी गोठ्यात गेली आणि मोबाईलची बॅटरी लावून भिंतीच्या फटी बघायला लागली. आकाराम मागून वाकला. फटीच्या आत एरंडाच्या बियांगत टपोऱ्या गोचिडी एकीला एक लागून बसल्या होत्या. आचळाला चिकटली तरी गोचीड रगातच पिते, हे तो जन्मभर ऐकत आला होता, पण पिऊन झाल्यावर राहायला कुठं जाते, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"जनावरावर धा असल्या तर भितीत हजार असत्यात," राजेश्वरी म्हणाली. "तुमी हिकडनं औषध मारलं की त्या तिकडं जात्यात. आप्पांनी तिकडनं मारलं की हिकडं येत्यात. एकाच दिशी दोनी अंगानं फवारायचं, फटी बुजवायच्या. तवाच जातील."

"तुझ्या बापाला आदी कबूल करू दे, म्हशीला गोचिडी हायत म्हणून."

पोरगी रस्त्यानं वळसा घालून आपल्या घरी गेली. पाव तासानं परत आली.

"आप्पा म्हणत्यात, आमच्याकडं गोचिडी न्हाईत."

"म्हशीवरच्या काय शेंगा हायत?"

"त्ये म्हणत्यात, त्या तुमच्या हायत. आमच्याकडं येऊन बसल्यात."

"म्हंजे हायत."

"हायत. पर त्येंच्या न्हाईत."

अशा तिनं तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला दोन्ही घरांत एकेक चिमटा, हातमोज्याचा जोड आणि झाकणाचा डबा ठेवला आणि रविवारच्या एसटीनं सांगलीला गेली. आकारामनं चार दिवस चिमटा वापरला. पाचव्या दिवशी तांबडीनं लाथ झाडली, चिमटा शेणात पडला आणि तो परत नखावर आला. हातमोजे बाळाबाईनं मिरच्या कुटायला घेतले. फार उपयोगी पडले.

त्यानंतर हस्त लागला आणि दोन रात्री चांगला पाऊस झाला. रान भिजलं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि माती हातात घेतली की मुटका व्हावा आणि टाकला की फुटावा, असा वाफसा यायला लागला. शाळू पेरायला हे असे पाच-सहा दिवस मिळतात. ते चुकले की वर्ष चुकलं.

नेमकं त्या सकाळी भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. आकारामनं वाट बघितली. मग आपणच गाईला म्हणाला, "तांबडे, काही लोक आज मुकं झालं वाटतं." उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फटीतनं म्हशीचे पाय आपटल्याचा आवाज आणि आप्पासोच्या बायकोचा, सुलाबाईचा, "उबी ऱ्हा गं बाई" असा कावलेला आवाज तेवढा यायचा. ती म्हैस आप्पासोशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती.

"ताप हाय त्यास्नी," बाळाबाई सांगत आली. "पाणंदीत सुलाबाई भेटली. चार दिस झालं, उतरतच न्हाई. डाक्टरनं दोन इंजेक्शनं दिली, हवा बदललीया म्हणाला."

"हवा तर बदललीच हाय," आकाराम म्हणाला आणि बी निवडायला बसला. पण चार दाणे निवडले की त्याचे कान भिंतीकडं जायचे.

पाचव्या दिवशी आप्पासोच्या नाकातनं टॉवेलभर रक्त आलं. गावातला भाऊसो आपल्या जीपमधनं त्याला आणि सुलाबाईला सांगलीला घेऊन गेला. जीप दारावरून गेली तेव्हा आकाराम ओट्यावर उभा होता. मागच्या सीटवर आप्पासो डोळे मिटून पडला होता. फौजेतनं आल्यापासनं त्याला कुणी असा वाकडा पडलेला बघितला नव्हता. झोपायचासुद्धा तो सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामनं पेरायची पाभर बाहेर काढली. भाऊसो बैल घेऊन येणार होता. तेवढ्यात फोन वाजला.

"तात्या, राजी बोलतीय. आप्पा खोटं सांगत्यात."

"काय सांगतोय?"

"डाक्टरबाईंनी इचारलं, जनावरास्नी गोचिडी हायत का? आप्पा म्हणालं, आमच्यात न्हाईत, शेजाऱ्याच्यात हायत. बाई म्हणाल्या, शेजारी किती लांब? आप्पा म्हणालं, दोन वर्सं लांब. बाईंना वाटलं, तापात बरळत्यात."

"तू सांग की मग."

"सांगितलं. तर म्हणालं, पोरगी कालेजात असती, घरचं तिला काय ठावं. आईनं तर आप्पांच्या म्होरं तोंडच उघडलं न्हाई. आवं, सगळं डेंगीचं म्हणून चाललंय आन् तपासणीत डेंगी येत न्हाई. अंगावर पुरळ उटलंय. गोचिडी नक्की हायत का न्हाईत, त्येच बाईंना कळंना झालंय." मग पोरीचा आवाज बारीक झाला. "तात्या, तुमी या. तुमास्नी ठावं हाय."

आकारामनं फोन खिशात घातला आणि रानाकडं बघितलं. रान तव्यागत काळंभोर, वाफाळलेलं पडलं होतं. एक दिवस गेला तरी वरची ओल उडणार होती. पेरणी सोडून चावडीवरची आण मोडायला सांगलीला जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती उघडायची कुणासाठी, तर जो दोन वर्षं म्हशीच्या आडनं शिव्या घालतोय त्याच्यासाठी.

"जावा," बाळाबाई म्हणाली. "चाड्यावर बियाची मूठ मी धरती. भाऊसो पाभर हाकंल."

"तुला जमंल?"

"माज्या बापाच्या रानात कोण पेरत हुतं, तुमी?" तिनं बियाचं सूप जवळ ओढलं. "पर जाताय त्ये खरं सांगाय जाताय न्हवं? न्हाईतर जाऊ नगा. पेराच."

आकाराम गोठ्यात गेला, चिमटा धुऊन घेतला आणि तांबडीच्या कानामागच्या दोन आणि भिंतीच्या फटीतली एक, अशा तीन गोचिडी बाळाबाईच्या बामच्या रिकाम्या बाटलीत टाकल्या. झाकण घट्ट लावलं. मग साबण मागून घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. बाळाबाईनं हे लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

सांगलीला पोचायला दुपार झाली. दवाखाना मोठा, फरशी गुळगुळीत. आकारामनं चपला काढून हातात घेतल्या. राजेश्वरी जिन्यापाशीच उभी होती. तिनं त्याला धरून वॉर्डात नेलं. आप्पासो खाटेवर पडला होता. डोळे लाल, ओठांवर पापुद्रे. उशाला सुलाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. तरणी डॉक्टरीण कागद बघत होती.

"हे कोण?" तिनं विचारलं.

"शेजारी," आप्पासो म्हणाला.

"सख्खे चुलते," राजेश्वरी म्हणाली.

आकारामनं चपला खाली ठेवल्या आणि बामची बाटली डॉक्टरणीपुढं धरली.

"बाई, ह्या गोचिडी. ह्येच्या म्हशीवरबी ह्याच हायत."

"किती दिवस आहेत?"

"दोन वर्सं. म्या गाय आणली त्या दिसापासनं. त्येच्याआदी आमच्या गोठ्यात न्हवत्या." थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही हे त्याला कळलं, म्हणून तो तसाच पुढं गेला. "गाईच्या आचळामागं हुत्या. शेपटाखाली हुत्या. म्या बगितल्या हुत्या. पंचांनी इचारलं तवा न्हाई म्हणालो. बिरोबाची आण घिऊन न्हाई म्हणालो. तितनं भितीत गेल्या आन् भितीतनं ह्येच्या म्हशीवर. आन् ह्यो त्या नखानं फोडतो. रोज."

"तुम्ही बघितलंय?"

"आवाज येतो, बाई. भितीपल्याडनं."

वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा मोसंबी सोलायचा थांबला. आप्पासोनं डोळे उघडले.

"डाक्टर," तो म्हणाला, "लिव्हून घ्या."

"काय लिहू?"

"त्यो म्हणाला त्ये. तारीख घाला."

डॉक्टरणीनं खरंच लिहून घेतलं. केसपेपरवरच लिहिलं. मग म्हणाली, "तुम्ही नखानं फोडता?"

आप्पासोनं तोंड फिरवलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. "फोडतो," तो शेवटी म्हणाला. "पर त्येच्याच."

त्यानंतर डॉक्टरणीनं वेळ घालवला नाही. तिनं त्याचे तळहात उलटे करून बघितले, तळपाय बघितले. तिथंही लाल ठिपके होते. गुडघ्यामागं एक काळी खपली सापडली, जिच्याकडं आप्पासोनं काटा लागलाय म्हणून लक्ष दिलं नव्हतं. "दोन शक्यता आहेत," ती राजेश्वरीला म्हणाली. "एक तुमच्या प्रकल्पातला ताप. त्यासाठी रक्त पुण्याला पाठवते आणि तो नाही असं कळेपर्यंत यांना वेगळ्या खोलीत ठेवते. दुसरा ताप गोचिडीचाच, पण विषाणूचा नाही. त्याच्यावर गोळी आहे आणि ती मी आत्ताच सुरू करते. ही माहिती उद्या आली असती तर मला सांगता आलं नसतं काय झालं असतं."

आप्पासोला काचेच्या खोलीत हलवलं. आत जाणारी माणसं डोक्यापासनं पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात जायला लागली. घरच्या तिघांनाही बाहेर बसवून ताप मोजायचे. आकाराम बाकावर बसला. सुलाबाईनं दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्यापुढं भाकरी ठेवली आणि लगेच तोंड फिरवून बसली. ते रागानं का भीतीनं, हे त्याला कळलं नाही.

संध्याकाळी राजेश्वरीच्या वर्गातली सहा पोरं आली. शंभूराज म्हणून त्यांच्यातला एक जण होता, सरांनी सगळं शिकवून घेतलेल्या दुसऱ्या परीक्षेत त्याला अकरापैकी अकरा पडले होते. त्यानं दोन मास्क लावले होते. चहाचा कप त्यानं बाकाच्या टोकाला ठेवला आणि सहा फूट मागं सरकला.

"काका, हा ताप रुग्णाच्या रक्तातून पसरतो, नुसतं जवळ बसल्यानं नाही," तो लांबून म्हणाला.

"मग लांब का हुबा हाईस?"

"माहिती आहे, पण भीती वाटते."

आकारामला पोरगा प्रामाणिक वाटला. त्यानं कप उचलून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी आप्पासो उठून बसला आणि त्यानं काचेवर बोटानं टकटक केलं. सुलाबाई उठली, तर त्यानं मान हलवली. राजेश्वरी उठली, तरी मान हलवली. तेव्हा आकाराम उठून काचेपाशी गेला. खालच्या बाजूला बोलायला जाळी होती.

"म्हशीची धार कोण काढतंय?" आप्पासोनं विचारलं.

"बाळाबाई."

"लाथ मारती ती."

"मारली."

"लागलं का?"

"मांडीला. लई न्हाई."

आप्पासो म्हणाला, "धार काढताना जरा शीळ घालायची. न्हाईतर ती पान्हा चोरती."

"सांगतो," आकाराम म्हणाला. त्यानं तिथंच फोन लावून बाळाबाईला सांगितलं. बाळाबाई म्हणाली, मला शीळ येत न्हाई.

चौथ्या दिवशी पुण्याहून कागद आला. तो विषाणू नव्हता. ताप गोचिडीनंच आणलेला, पण दुसऱ्या जंतूचा. गोळी बरोबर लागू पडली होती. सुलाबाई तिथंच फरशीवर बसून रडली. राजेश्वरी रडली नाही. तिनं डॉक्टरणीला विचारून त्या जंतूचं नाव वहीत लिहून घेतलं, मग बाहेर जिन्यात गेली आणि तिथं रडली.

आप्पासो घरी आला तो काठी टेकत, पण आल्या आल्या रानात गेला. बाळाबाईनं आणि भाऊसोनं आकारामचं रान एका दिवसात पेरलं होतं. वाफसा होता आणि बी उरलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पासोचंही पेरून टाकलं होतं. शाळू बोटभर वर आला होता. आप्पासोनं बांधावर उभं राहून या टोकापासनं त्या टोकापर्यंत बघितलं.

"वळी वाकड्या हायत," तो म्हणाला.

"हायत," बाळाबाई म्हणाली. "मोडू का?"

"ऱ्हाऊ द्या, वैनी."

मात्र अंगात जरा जोर आला तसा तो चावडीवर बसायला लागला आणि येईल त्याला सांगायला लागला, थोरल्यानं दवाखान्यात कबूल केलं, डाक्टरनं तारखेसकट लिव्हून घेतलंय. दोन वर्षं ज्यांनी आकारामची बाजू घेतली होती ते त्याला बघून हसायला लागले. एकानं विचारलं, "आकाराम, आता बिरोबा काय म्हणतोय?" आकाराम सोमवारी नारळ घेऊन बिरोबाच्या देवळात गेला, नारळ फोडला, हात जोडले आणि परत आला. काय बोलला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. चावडीवरनं जायचंही त्यानं सोडलं नाही. मान खाली घालून जायचा, पण जायचा.

दिवाळीच्या सुट्टीत राजेश्वरी आपल्या गटाला घेऊन आली. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरनं औषध दिलं होतं. एकाच सकाळी दोन्हीकडची जनावरं बाहेर बांधली, दोन्हीकडचा केरकचरा ओढून जाळला, दोन्हीकडनं भिंतीला फवारा मारला. फटीतनं गोचिडी गळायला लागल्या तशी पोरं मागं सरकली. फवारा वाळल्यावर फटी बुजवायला घेतल्या. अलीकडं आकाराम, पलीकडं आप्पासो, आणि चुना-सिमेंटचा माल कालवायला मधे रस्त्यावर एकच घमेलं. त्यामुळं माल न्यायला दोघांना सारखं एकाच जागी यावं लागत होतं.

मधेच शंभूराज ओरडला. त्याच्या मोज्यावर गोचीड चढली होती. अकरापैकी अकरा मिळवलेल्या त्या पोरानं पायातला बूट काढला आणि ती ठेचायला वर उचलला.

"थांब!" आप्पासो गरजला. सगळा गोठा दणाणला. पोरगं एका पायावर जिथल्या तिथं गोठलं. आप्पासोनं कमरेचा चिमटा काढला, मोज्यावरची गोचीड अलगद धरली, डब्यात टाकली, झाकण लावलं आणि बादलीपाशी जाऊन साबणानं हात धुतले.

"सॉरी काका," शंभूराज म्हणाला. "माहीत होतं, पण हात गेला."

"हात जातोच," आप्पासो म्हणाला. "माझा दोन वर्सं गेला."

पोरांतल्या एका मुलीनं वही काढली. अहवालात सगळं नीट लिहायला पाहिजे, असं तिला सरांनी सांगितलं होतं. "काका, म्हणजे मुळात ह्या गोचिडी कुणाच्या गोठ्यातल्या?"

घमेल्यात फावडं चालवणारा आकाराम थांबला. ओट्यावर बाळाबाई थांबली, दारात सुलाबाई थांबली. राजेश्वरीनं डोळे मिटून घेतले. गेले पंधरा दिवस आप्पासोनं अख्ख्या गावाला न विचारता सांगितलेली गोष्ट आज कुणीतरी आपणहून विचारली होती, आणि लिहून घ्यायला वहीही होती.

आप्पासोनं भावाकडं बघितलं. आकाराम कोपरापर्यंत चुन्यानं माखला होता. त्यानं मान खाली घातली नव्हती. तो नुसता वाट बघत उभा होता.

"भितीतल्या," आप्पासो म्हणाला.

"भिंतीतल्या? पण भिंत कुणाची?"

"भितीतल्या, लिव्ह म्हणतोय न्हवं." त्यानं वाकून घमेल्यात बोट घातलं. "माल घट्ट झालाय. पाणी घाल."

आकारामनं पाणी घातलं.